क्यूआर कोडवर कोणाचं नाव येतं?

गेल्या महिन्यात एका रविवारी मी हिंगणघाटहून सकाळची एसटी पकडून वर्ध्याला गेलो. 'सोशल मीडिया आणि ऑनलाइन बिझनेस' या विषयावर नेटवर्किंग मीटअप होता. प्रवेश फी 300 रुपये. त्यात नाश्ता, दोन वेळा चहा, एक पेन आणि छातीवर लावायचं स्टिकर. स्टिकरवर दोन ओळी होत्या, वर नाव आणि खाली 'तुमचा ब्रँड'. दारात उभ्या असलेल्या मुलीने मार्कर हातात दिला. मी वर माझं नाव लिहिलं, खाली 'आपाचा मसाला' लिहिलं आणि आत जाऊन बसलो. त्या दोन ओळींमध्ये काहीतरी गडबड आहे हे कळायला मला दुपार व्हावी लागली.

सभागृहात सत्तर-ऐंशी जण असतील. बचत गटाच्या बाया होत्या, लग्नाचे फोटोग्राफर होते, कोचिंग क्लासवाले होते, सेंद्रिय गूळ विकणारा एक शेतकरी होता. स्टिकरवरच्या नावांवरून पाहिलं तर आपण तिघं. तिघंही शेवटच्या दोन रांगांत. आपली मुलं अशा ठिकाणी फारशी जात नाहीत आणि गेलीच तर मागे बसतात. दुसऱ्यांना बोलण्याआधी हे आपलं आपण कबूल करू.

कार्यक्रम वाईट नव्हता. मालाचा फोटो सकाळच्या उन्हात खिडकीपाशी काढावा, ग्राहकाच्या मेसेजला लगेच उत्तर द्यावं, व्हॉट्सॲप बिझनेसवर किमतीसकट कॅटलॉग ठेवावा, एकाच रीलवर जीव टाकण्यापेक्षा रोज थोडं थोडं टाकावं. या गोष्टी मी वहीत लिहून घेतल्या आणि आता वापरतोय. 300 रुपये तेवढ्यावर वसूल झाले.

मग 'तुमचा ब्रँड आम्हाला सांगा' असं सत्र सुरू झालं. मी मागून उठलो, पाकीट हातात घेऊन पुढे गेलो. सांगितलं की हा घरगुती मसाला आहे, हळद आमच्याच जिल्ह्यातली, समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावची. मिरची निवडण्यापासून पाकीट बंद करण्यापर्यंत सगळं घरी होतं. वक्त्याने पाकीट उघडलं, वास घेतला, मान डोलावली. मग लेबलकडे पाहिलं.

"भाऊ, माल एक नंबर आहे. पण हे 'आपा' काढून टाका. 'ताईचा मसाला' करा. अर्थ तोच आहे ना? मग अर्धे कस्टमर कशाला सोडायचे?"

थोडं हसू झालं. तो पुढे म्हणाला, "मी राजकारण बोलत नाही, मार्केट बोलतोय. वाईट वाटून घेऊ नका."

मी वाईट वाटून घेतलं नाही असं दाखवलं आणि जागेवर जाऊन बसलो. डोक्यात मात्र एकच वाक्य फिरत राहिलं, 'अर्थ तोच आहे ना?' आपा म्हणजे मोठी बहीण, ताई म्हणजेही मोठी बहीण. मसाला तोच, वजन तेच, भाव तोच. मग बदलायचं काय राहिलं? फक्त बनवणारी कोण आहे एवढंच पुसायचं होतं.

चहाच्या वेळी पुलगावकडचा एक मुलगा जवळ आला. बायकांचे कॉटनचे ड्रेस विकतो. हळू आवाजात म्हणाला, "भाई, मैंने तो दो साल पहले ही बदल दिया." त्याच्या पेजचं नाव शुद्ध संस्कृत आहे. रील्समध्ये फक्त हात आणि कापड दिसतं, चेहरा नाही. ग्राहकाला फोन करायचा असेल तर मित्राला करायला लावतो. ऑर्डरी वाढल्या हे त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. आणि हेही सांगितलं की रोज रात्री कमेंट वाचताना पोटात गोळा येतो, आज कोणाला कळलं तर?

त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला दोन लेकरं आहेत. आणि त्याची भीती काल्पनिक नाही. 2019 मध्ये झोमॅटोवर जेवण मागवलेल्या जबलपूरच्या एका ग्राहकाने, आणणारा मुलगा हिंदू नाही म्हणून ऑर्डर रद्द केली आणि ते अभिमानाने जाहीर केलं. 2020 च्या एप्रिलमध्ये तबलिगी जमातीच्या बातम्यांनंतर भाजी आणि फळं विकणाऱ्या मुसलमानांना वस्त्यांमधून हाकललं गेलं, त्यांचे खोटे व्हिडिओ फिरले. त्या वर्षी 21 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द करताना त्यांना बळीचा बकरा बनवलं गेल्याचं म्हटलं. पण तोवर हातगाडीवाल्याचं जे नुकसान व्हायचं ते होऊन गेलं होतं. 2022 च्या अखेरीपासून महाराष्ट्रात शहरोशहरी निघालेल्या जनआक्रोश मोर्चांमध्ये आर्थिक बहिष्काराची भाषा माईकवरून झाली. हे सगळं त्या वक्त्याला माहीत आहे. म्हणूनच तो 'मार्केट' म्हणतो.

तरीही त्याचा सल्ला चुकीचा आहे आणि का चुकीचा आहे हे मला त्या सभागृहात सांगता आलं नाही, म्हणून इथे सांगतो.

पहिलं कारण अगदी व्यवहाराचं आहे. नाव लपत नाही. खाण्याच्या पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता छापणं कायद्याने बंधनकारक आहे. वर 'ताई' लिहिलं तरी खाली पत्त्यात आमच्या मोहल्ल्याचं नाव येणारच. आणि पैसे? 2025 मध्ये एनपीसीआयने सगळ्या यूपीआय ॲपना 30 जूनपर्यंतची मुदत देऊन सांगितलं की पैसे पाठवण्याआधी बँकेत नोंदलेलं खरं नावच दाखवायचं. फसवणूक थांबावी म्हणून ही सोय आहे आणि चांगली आहे. म्हणजे ग्राहक 'ताई' वाचून क्यूआर स्कॅन करणार आणि पुढच्या क्षणाला पडद्यावर शेख, पठाण नाहीतर सय्यद येणार.

दुसरं कारण त्याहून गंभीर आहे. 'हे लोक नाव लपवून धंदा करतात' हाच तर आपल्यावरचा आरोप आहे. जुलै 2024 मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या रस्त्यावरच्या ढाब्यांना मालकांची नावं लावायला पोलिसांनी सांगितलं, तेव्हा हाच आरोप पुढे केला होता. 22 जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला अंतरिम स्थगिती दिली. पदार्थ कोणता आहे ते लिहायला सांगता येईल, मालकाचं आणि कामगारांचं नाव लिहायची सक्ती करता येणार नाही, असं म्हटलं. या अंतरिम आदेशाने आपल्याला जे दिलं ते नीट समजून घ्या. नाव दाखवायची ती जबरदस्ती न्यायालयाने तेव्हा थांबवली. मग नाव पुसायलाही कोणी भाग पाडू नये. माझ्या दुकानाला 'गुलमोहर' नाव द्यावंसं वाटलं तर देईन, 'आपा' द्यावंसं वाटलं तर देईन. आवडीने ठेवलेलं नाव आणि भीतीने ठेवलेलं नाव यांत फरक आहे, आणि तो फरक ठेवणाऱ्यालाच ठाऊक असतो.

ग्राहकाने कोणाकडून घ्यावं हा त्याचा प्रश्न आहे, त्यावर माझा दावा नाही. पण संघटित बहिष्कारासाठी द्वेष पसरवणं हा गुन्हा आहे. 28 एप्रिल 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना सांगितलं की द्वेषपूर्ण भाषणावर तक्रारीची वाट न पाहता, बोलणाऱ्याचा धर्म न पाहता गुन्हा नोंदवा. उद्योगाच्या सभेत 'मार्केट असंच आहे' म्हणून मोकळं होणारे या बाजूबद्दल एक शब्द बोलत नाहीत. मार्केट पावसासारखं आकाशातून पडत नाही. माणसं ते बनवतात, आणि सल्ला देणाराही त्या माणसांपैकीच एक आहे.

इथपर्यंत लिहून लेख संपवला असता तर मला बरं वाटलं असतं. तुम्हालाही बरं वाटलं असतं. पण त्या दिवशी आणखी एक गोष्ट घडली.

जेवणाआधी सेलूकडच्या एका बचत गटाच्या काकू माझ्याकडे आल्या. पन्नाशीच्या असतील. पापड-कुरडया करतात. म्हणाल्या, "दोन पाकिटं द्या, मला त्या 'आपा' नावाचं काही वाटत नाही." मी क्यूआर पुढे केला. त्यांनी स्कॅन केलं, चष्मा वर करून पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "दादा, इथं तर तुमचंच नाव येऊन राहिलं. आपा कुठं आहे?"

मी म्हणालो, "घरी."

"मग पैसे तिच्याकडं कसे जातात?"

मी काहीतरी उत्तर दिलं. त्यांनी पैसे पाठवले, पाकिटं पिशवीत टाकली आणि गेल्या. मी छातीवरच्या स्टिकरकडे पाहिलं. वर माझं नाव, खाली आपाचा मसाला.

परतीच्या एसटीत मी हिशोब केला. आपा चार वर्षं हे काम करते. मिरची तिने निवडायची, भाजण तिचं, प्रमाण तिच्या डोक्यात. चक्कीवरून मी दळून आणतो, फोटो मी काढतो, पार्सल मी टाकतो. पैसे माझ्या खात्यात येतात, कारण ते खातं माझ्या कॉलेजच्या शिष्यवृत्तीसाठी आधीपासून उघडलेलं होतं आणि क्यूआर त्यालाच जोडला. आपाला लागतील तसे पैसे मी देतो. कधी नाही म्हटलं नाही. पण चार वर्षांचे सगळे व्यवहार माझ्या नावावर आहेत. बँकेने त्याच व्यवहारांकडे पाहून मला गाडीसाठी कर्ज दिलं. उद्या आपाने मोठं यंत्र घ्यायचं ठरवलं तर बँकेच्या दृष्टीने तिने आयुष्यात एक रुपयाही कमावलेला नाही.

वक्त्याने आमच्या लेबलवरून 'आपा' पुसायला सांगितलं म्हणून मला राग आला होता. मी तर बँकेतून, क्यूआरवरून आणि स्टिकरवरून तिला आधीच पुसून बसलो होतो. आणि मला कोणी भीती घातली नव्हती.

हे फक्त माझ्या घरचं नाही. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालात नोंद आहे की मुस्लिम कामगारांपैकी सुमारे 61 टक्के स्वयंरोजगारात होते, हिंदू कामगारांमध्ये हे प्रमाण 55 टक्के होतं. काम करणाऱ्या मुस्लिम स्त्रियांमध्ये ते 73 टक्के. आणि या स्त्रियांपैकी सुमारे 70 टक्के स्वतःच्या घरातच काम करत होत्या. आकडे जुने आहेत. पण आपल्या गल्लीत जा आणि बघा. शिवण, जरी, फॉल-पिको, शेवया, लोणची, मेहंदी, केक, ट्यूशन. घरोघरी बायकांच्या हातांना काम आहे. आता त्या कामाला इन्स्टाग्राम मिळालं. मग पेज कोणाच्या फोनवर आहे? भावाच्या. पासवर्ड कोणाकडे? नवऱ्याकडे. क्यूआर? अब्बूंचा. ऑनलाइन धंदा आला आणि पूर्वी निदान बाईच्या डब्यात पडणारी नोटही आता पुरुषाच्या खात्यात जायला लागली.

यावर आपण जी उत्तरं देतो ती मला पाठ आहेत, कारण मीही तीच देत होतो.

'घरचेच पैसे आहेत, नाव कोणाचंही असो.' मग नाव तिचं असू द्या ना. कोणाचंही चालत असेल तर नेहमी आपलंच का असतं?

'तिला बँकेचं, मोबाइलचं कळत नाही.' चाळीस किलो मिरचीत किती धणे आणि किती खोबरं हे न लिहिता सांगणाऱ्या बाईला सहा आकडी पिन लक्षात राहणार नाही, असं आपण कोणत्या तोंडाने म्हणतो? आपण तिला शिकवलं नाही, एवढंच खरं.

'लग्न होऊन जाईल, मग काय?' मग तर खातं तिचंच हवं. सासरी जाताना ती मसाल्याचं प्रमाण बरोबर नेईल, पण चार वर्षांचा व्यवहार माझ्याकडे ठेवून जाईल. तलाक झाला, नवरा गेला, तर बँकेपुढे ती कोऱ्या कागदासारखी उभी राहील.

'बाईचं नाव बाहेर कशाला?' या उत्तराकडे जरा थांबून बघायला हवं, कारण त्यामागे एक खरी भीतीही आहे. जुलै 2021 मध्ये 'सुल्ली डील्स' आणि 1 जानेवारी 2022 ला 'बुल्ली बाई' नावाच्या ॲपवर मुस्लिम स्त्रियांचे फोटो लावून त्यांचा लिलाव मांडला गेला. पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या, विद्यार्थिनी होत्या. ज्या बाजारात आपण मसाला विकायला निघालो त्याच बाजारात कोणीतरी आपल्या बहिणींचे फोटो विकायला ठेवले होते. त्यांच्यातल्या अनेकींनी स्वतःच्या नावाने तक्रारी केल्या, तेव्हा कुठे मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने पहिल्या अटका केल्या. त्यामुळे चेहरा दाखवायचा की नाही हे प्रत्येकीने स्वतः ठरवावं. माझी आपा रीलमध्ये येणार नाही असं म्हणते, तर तो तिचा निर्णय आहे. पण बँकेच्या खात्याला चेहरा लागत नाही. उद्यम नोंदणीला रील लागत नाही. फोटो न लावणं वेगळं आणि मालकी न देणं वेगळं. पहिल्याची ढाल करून आपण दुसरं करतो.

आणि दीनचा आधार घेणाऱ्यांना एक आठवण. हजरत खदीजा (रजि.) मक्केतल्या व्यापारी होत्या. शामकडे गेलेल्या त्या काफिल्यात माल त्यांचा होता, भांडवल त्यांचं होतं; तो माल घेऊन गेले ते प्रेषित (स.), ज्यांना लोक 'अल-अमीन' म्हणत. पुरुष माल घेऊन जाणारा होता आणि मालकीण बाई होती. त्या काफिल्याचा हिशोब कोणाच्या नावावर होता हे मशिदीतल्या कुठल्याही मुलाला ठाऊक आहे. सूरह निसाची 32 वी आयत सांगते की पुरुषांच्या कमाईत पुरुषांचा वाटा आणि स्त्रियांच्या कमाईत स्त्रियांचा. सूरह बकराची 282 वी आयत, जी कुरआनातली सर्वात मोठी आयत आहे, ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगते. व्याज नको म्हणून कर्ज घेत नसाल तर तो तुमच्या श्रद्धेचा भाग आहे, मी त्यात पडत नाही. पण वही न ठेवायला आणि बहिणीचं खातं न उघडायला कोणती आयत आहे?

आता त्या मीटअपबद्दल आणखी एक तक्रार. दिवसभर तिथे 'फॉलोअर्स हीच संपत्ती' असं ऐकवलं गेलं. फॉलोअर्स भाड्याच्या जागेवरचे असतात. 29 जून 2020 ला केंद्र सरकारने टिकटॉकसह 59 ॲपवर बंदी घातली, तेव्हा लाखांच्या घरात फॉलोअर्स असलेली खेड्यापाड्यातली मुलं रातोरात रिकाम्या हाताने उभी राहिली. नोव्हेंबर 2021 मध्ये आपल्या शेजारच्या अमरावतीत दंगल झाली आणि इंटरनेट बंद झालं. जून 2023 मध्ये कोल्हापुरात व्हॉट्सॲप स्टेटसवरून वाद पेटला, 7 जूनला बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, इंटरनेट तिथेही बंद. ज्या फोनवर आपण कॅटलॉग ठेवतो त्याच फोनवर एखाद्या रात्री जोशात टाकलेल्या स्टेटसने दुकान बंद पडू शकतं, आपलं आणि शेजाऱ्याचंही. कोल्हापूरनंतर हे आपल्या प्रत्येक मुलाच्या लक्षात असायला हवं.

या धंद्यात खरोखर आपल्या मालकीचं काय असतं? ग्राहकांच्या नंबरांची वही. बँकेतला व्यवहार. नोंदणीचे कागद. मालाची चव. आणि नाव. नावाची किंमत काय असते हे आपल्या जिल्ह्याने पाहिलंय. 2016 मध्ये वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं. आता 'वायगाव हळद' हे नाव कोणीही उठून वापरू शकत नाही, कायदा त्या नावाच्या पाठीशी आहे. हळदीच्या नावाला कायद्याचं संरक्षण आहे आणि ती हळद मसाल्यात घालणाऱ्या बाईचं नाव तिच्याच घरातल्या क्यूआरवर नाही.

ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. हाताच्या कामातून शिक्षण देण्याची योजना आखायला जी समिती नेमली तिचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन, जे पुढे देशाचे राष्ट्रपती झाले. हस्तकौशल्य म्हणजे अडाण्याचं काम नाही, ते ज्ञान आहे, असा विचार याच गावातून देशभर गेला. त्या गावात 300 रुपये भरून आपण नाव कसं पुसायचं हे शिकून यावं, हे मला पटत नाही.

मग करायचं काय? मोठ्या गोष्टी सांगत नाही, या आठवड्यात होतील अशा सांगतो.

घरातल्या जी बाई काम करते तिच्या नावाने खातं उघडा, तिच्या फोनवर यूपीआय सुरू करा, पिन फक्त तिला माहीत असू द्या. उद्यम नोंदणी मोफत आहे, आधारवर होते, 1 जुलै 2020 पासून सुरू आहे. कोणी पैसे मागत असेल तर तो एजंट आहे, सरकार नाही. नोंदणीत मालकाच्या रकान्यात तिचं नाव लिहा. खाण्याचा माल असेल तर एफएसएसएआयची नोंदणी तिच्या नावाने करा. 'जीएसटी नंबर नाही म्हणून ॲमेझॉन-फ्लिपकार्टवर जाता येत नाही' हे आता जुनं झालं. 1 ऑक्टोबर 2023 पासून राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्या, वर्षाची उलाढाल 40 लाखांच्या आत असलेल्या छोट्या विक्रेत्याला पॅनवर नोंद करून विकता येतं. वर्ध्यात मगनवाडीला, जिथे कुमारप्पांनी ग्रामोद्योगाचं काम उभं केलं, तिथे आज केंद्र सरकारची ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. जिल्हा उद्योग केंद्र आहे. आपण तिथे किती वेळा गेलो?

मोहल्ला कमिट्यांना, मशिदीच्या विश्वस्तांना विनंती आहे. जलशाच्या मंडपाला लागतात त्यातल्या थोड्या पैशांत महिन्यातून एक रविवार कागदपत्रांची मदत होऊ शकते. लॅपटॉप असलेली दोन पोरं पुरेशी आहेत. जागा अशी ठेवा की बायका स्वतः येऊन बसू शकतील, भावाच्या हातून आधार कार्ड पाठवावं लागणार नाही. आणि ती सगळ्यांसाठी उघडी ठेवा. सेलूच्या काकूंना बोलवा. माझा सगळ्यात उपयोगी प्रश्न त्यांनीच विचारला.

आणि मीटअपला जात राहा. पुढे बसा. कोणी 'आपा काढा' म्हणालं तर उठून शांतपणे विचारा, 'का काढायचं?' त्याला ते मोठ्याने सांगू द्या. मी त्या दिवशी विचारलं नाही, याची खंत आहे. पण आपल्या घरचा क्यूआर तपासून मगच जा. नाहीतर माझ्यासारखं होईल, ओठांवर आलेला प्रश्न गिळावा लागेल.

पुढच्या मंगळवारी मी आपाला घेऊन बँकेत गेलो. तिचं एक जुनं खातं निघालं, कधीतरी एका सरकारी योजनेसाठी उघडलेलं, बंद पडलेलं. ते चालू करायला केवायसीचा अर्ज भरायचा होता. 'व्यवसाय' या रकान्यात जुन्या नोंदीत 'गृहिणी' होतं. आपाने माझ्याकडे पाहिलं, "क्या लिखूं?" मी काही बोललो नाही. तिने थोडा विचार केला आणि लिहिलं, 'मसाला बनवणे व विक्री'.

नवा क्यूआर आला आहे. जुन्या पाकिटांवर आम्ही तो हाताने चिकटवतोय. स्कॅन केला की तिचं पूर्ण नाव येतं. पहिल्या आठवड्यात दोन जुन्या ग्राहकांनी फोन करून विचारलं, हे कोण? मी फोन आपाच्या हातात दिला.

आता तुमचा फोन काढा आणि घरातला क्यूआर स्कॅन करून बघा.